दार लावलं तरी न थांबणारा भोंगा

मोटारीत कुणी शिरलं की मोटारीनं आपणहून बोंब मारावी, अशी जोडणी मी एकदा केली होती. हुमनाबादेत. पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली असतील. निजामाचं राज्य गेलं होतं, तरी कचेरीतले बरेच कागद अजून उर्दूतच चालायचे, आणि मी मॅट्रिकही उर्दूतूनच झालो होतो. घरात कानडी, बाजारात मराठी, शाळेत उर्दू, अशी आमच्याकडच्या पोरांची जीभ तिन्हीकडं वळायची. त्यात नवल असं कुणाला वाटत नसे.

वडिलांचं तुरीचं आणि जवसाचं आडत दुकान. मी त्यात बसावं असं त्यांना फार वाटायचं. मी मात्र सोलापूरला एका गॅरेजात राहून मोटारीचं वायरिंग शिकून आलो आणि आडतीच्या शेजारच्याच गाळ्यात बॅटऱ्या भरून द्यायचं दुकान टाकलं. तेलाचं इंजिन आणि त्याला पट्ट्यानं जोडलेला डायनामो, एवढंच भांडवल. लॉरीवाले यायचे, रेडिओवाले यायचे. वडील गादीवरून ओरडायचे, "साऱ्या गावाच्या बॅटऱ्या भरायलास, तुझ्या डोस्क्यात कवा भरणार?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. तेव्हा मला कुणी काही शिकवलेलं खपत नसे, अजूनही फारसं खपत नाही.

अपवाद एकच माणूस. आमच्या गावातल्या डॉक्टरांचे ड्रायव्हर. सगळे त्यांना मामू म्हणायचे. साठीला टेकलेले, दाढी पांढरी, डोक्याला कायम टोपी. आधी एका जहागीरदाराची मोटार चालवायचे. जहागिरी गेल्या, जहागीरदार हैदराबादला निघून गेला, मोटार विकली गेली, मामू इथंच राहिले. डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं. त्या दिवसांत एका मुसलमान ड्रायव्हरला घरातल्या माणसासारखं ठेवून घेणं सगळ्यांनाच रुचलं होतं असं नाही. तोंडावर कुणी बोलायचं नाही, एवढंच. विलायती गाड्यांत बॅटरीची कुठली बाजू सांगाड्याला जोडतात हे मला मामूंनी शिकवलं, नाहीतर पहिल्याच महिन्यात मी कुणाची तरी गाडी जाळून बसलो असतो.

डॉक्टर दर बाजारच्या दिवशी जवळच्या राजेश्वर गावाला जायचे. चावडीच्या सावलीत बसून दुपारपर्यंत रोगी तपासायचे आणि मग पुढच्या मुडबी गावाकडं वळायचे. बाजारादिवशी ते गोरगरिबांकडून काही घेत नसत. पण आमच्याकडची माणसं फुकट घेऊन गप्प बसणारी नव्हेत. डॉक्टर घेत नाहीत ना, मग गाडी तर घेते! कुणी भुईमुगाच्या शेंगा, कुणी अंबाडीची भाजी, कुणी तांब्यात दही, असं आणून गाडीत ठेवायचे. दही मामू डब्यात ओतून घ्यायचे. आणि रिकामं भांडं तसंच परत जाऊ द्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. साखरेची चिमूट टाका, दोन पानं टाका, पण भांड्यात काहीतरी घालूनच ते द्यायचं. त्यासाठी मामूंनी आपल्या सीटखाली फुटाण्यांची पिशवीच ठेवली होती. तांब्यात मूठभर फुटाणे टाकून तो परत करायचे.

तर या गाडीतून औषधाच्या बाटल्या जायला लागल्या. पेनिसिलीनच्या. छोट्या काचेच्या बाटल्या, वर रबरी बूच, आत पांढरी पूड. पाणी घालून सुई द्यायची. तेव्हा ते औषध सोलापूर-हैदराबादेहून मागवावं लागायचं आणि मागवलं की येईलच असंही नव्हतं. खोकं मागच्या सीटवर असायचं. एकदम सगळं नाही, एखादीच बाटली कमी व्हायची. मग पुन्हा एखादी. मोजण्यात चूक झाली असं डॉक्टर म्हणत राहिले. पण मुडबीला एका बाळंतिणीला सुई द्यायची वेळ आली आणि खोक्यात हात घातला तर बाटलीच नाही. मामूंनी गाडी हुमनाबादपर्यंत पिटाळत आणली आणि औषध घेऊन परत नेली. बाई वाचली, पण डॉक्टर त्यानंतर फार बोलेनासे झाले.

बोलायला कंपाउंडर होताच. तो गाडीत पुढं बसायचा, औषधं द्यायचा आणि दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "गाडीजवळ दिसभर कोण असतंय? म्या सांगायला पाहिजे का?" नाव घ्यायचा नाही. नाव घेतलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. महिनाभरात सगळ्या हुमनाबादेत झालं, की मामू बाटल्या विकायलेत.

एक दिवस डॉक्टर आणि मामू दोघंही दुकानात आले. डॉक्टर म्हणाले, "दार उघडलं की वाजेल असं काही करता येतं का रे?" मी म्हटलं, का नाही येत. ते गेले. मामू मागं थांबले. मला वाटलं तक्रार करतील. ते म्हणाले, "चारी दरवाजे पे लगा. मेरे वाले पे भी. आणि बंद करायचं बटन कहां है, ते मेरेकू नक्को बता."

"मामू, मग साहेब येईपर्यंत तुम्हाला गाडीत बसता यायचं न्हाई. उन्हातान्हात बाहेर उभं राहायचं का?"

"राहतो की. बटन मला म्हाईत न्हाई म्हटल्यावर कुणी काय बोलंल, बेटा?"

त्यांचा आवाज चढला नाही की उतरला नाही. पण एवढ्या वयात नाव खराब झाल्याचं त्यांना किती लागलं होतं, ते मला त्या वेळी कळलं. मी मनात म्हटलं, आता असं करून दाखवतो की त्या कंपाउंडरची वाचाच बसली पाहिजे.

काम ऐकायला सोपं होतं. मी दुकानाच्या फळीवर खडूनं काढलं. चार दारं, त्यातलं कुठलंही एक उघडलं की पुरे. म्हणजे चार दारांची चार बटणं शेजारी-शेजारी जोडायची, कुठल्याही एकातून वीज जाऊ शकेल अशी. आणि लपवून बसवायचं एक चोरबटण, ते या सगळ्यांच्या वाटेत आडवं. ते चालू असेल आणि एखादं दार उघडं असेल, दोन्ही जुळलं तरच भोंगा. दारं मिटलेली आणि चोरबटण चालू, तर गप्प. चोरबटण बंद, तर चारी दारं सताड उघडी टाका, तरी गप्प. फळीवर मी सगळे प्रकार एकाखाली एक मांडून पाहिले. कुठं अडत नव्हतं.

पण एवढ्यावर माझं समाधान होईना. चोरानं दार उघडलं, भोंगा वाजला, त्यानं घाबरून दार लावलं, की पुन्हा सगळं शांत. लोक म्हणणार, कुणीतरी हॉर्न मारला असंल. मग उपयोग काय? एकदा दार उघडलं की मग ते लावा, नाहीतर काही करा, भोंगा वाजतच राहिला पाहिजे, असं मला हवं होतं.

त्याला मी कट-आउट वापरला. डायनामोच्या जोडीला ही एक डबी असते. आत लोखंडावर तांब्याची तार गुंडाळलेली आणि वर एक पत्ती. तारेतून वीज गेली की लोखंड पत्तीला खाली ओढतं आणि पत्ती टेकली की दुसरी एक वाट जोडली जाते. भंगारात निघालेल्या एका लॉरीवरचा कट-आउट मी काढून आणला. जाड तारेचे वेढे सोडवून टाकले, बारीक तेवढे ठेवले. मग जोडणी अशी केली, की पत्ती टेकली म्हणजे भोंग्याची वाट जुळते आणि त्याच वाटेनं पत्तीला ओढून धरणाऱ्या गुंडाळीलाही वीज मिळत राहते. दारानं फक्त पहिला धक्का द्यायचा. पुढं पत्ती स्वतःलाच धरून बसते, जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखी. तिला उठवायचं तर चोरबटणच बंद करावं लागतं.

पहिल्या खेपेला ती बसलीच नाही. दार उघडलं आणि भोंगा नुसता टरटर करायला लागला, उचकी लागल्यागत. भोंगा इतकी वीज ओढायचा की सहा व्होल्टची बॅटरी दमायची, पत्ती सुटायची, भोंगा थांबायचा, बॅटरीला दम यायचा, पत्ती पुन्हा टेकायची. वडील आडतीतून बघत होते. म्हणाले, "बकरं कापायलास काय रे?" मी पत्तीची स्प्रिंग सैल केली आणि भोंग्याला बॅटरीपासून वेगळी जाड तार दिली. मग मात्र एकदा जो सुरू झाला, तो समोरच्या हॉटेलातली माणसं कपबशा घेऊन बाहेर येईपर्यंत थांबला नाही. मला इतका आनंद झाला की मी तो मुद्दाम आणखी थोडा वेळ वाजू दिला.

दारांची बटणं मेलेल्या टॉर्चमधल्या पितळी पट्ट्यांची केली. चोरबटण मागच्या मडगार्डच्या आत बसवलं, म्हणजे दार न उघडता बाहेरून हात घालता यावा. धूळपाणी लागू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा वर ताणला. ते बसवताना मामू आपणहून रस्त्यापलीकडं जाऊन पाठ करून उभे राहिले. डॉक्टरांना मी जागा दाखवली. तिसऱ्या कुणाला सांगितली नाही.

पुढच्या बाजारी मीही राजेश्वरला गेलो. आपली जोडणी कशी चालते ते बघायचं होतं, दुसरं काय. डॉक्टर उतरले, मामू आणि कंपाउंडरची पाठ वळल्यावर मडगार्डखाली हात घालून त्यांनी बटण लावलं आणि चावडीत गेले. कंपाउंडरही गेला. मामू गाडीला टेकून उभे. लोक नेहमीसारखे शेंगा-भाजी घेऊन यायला लागले तेव्हा मामूंनी दार न उघडता सगळं बॉनेटवर मांडायला लावलं. कारण कुणाला सांगितलं नाही. दुपार झाली तसे ते नमाजाला गेले. मी समोरच्या हॉटेलात बाकड्यावर बसून गाडीवर नजर ठेवून होतो.

एक म्हातारी आली. कपाळभर इबूती, म्हणजे विभूतीची पांढरी राख, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, हातात दह्याचा तांब्या. तिच्या नातवाला डॉक्टरांनी न्यूमोनियातून उठवलं होतं, हे मला नंतर कळलं. तिनं इकडं-तिकडं बघितलंसुद्धा नाही. आपल्या घरातलं कपाट उघडावं तसं मागचं दार उघडलं. भोंगा लागला.

ती दचकली. पण दही सांडलं नाही तिनं. आत डबा होता त्यात सगळं नीट ओतलं, तांब्या हलवून शेवटचा थेंबही ओतला. मग खोक्यातली एक बाटली उचलली, दोन्ही डोळ्यांना लावली आणि तांब्यात टाकली. दार लावलं. तिला वाटलं असेल, आता आवाज थांबेल. तो कशाला थांबतोय? ती दाराकडं बघायला लागली. मग तिनं दार पुन्हा उघडलं, पुन्हा जोरात लावलं. तोवर अर्धा बाजार गोळा झाला होता.

मी उठून धावलो, पण गर्दीतून आत घुसेपर्यंत कंपाउंडर चावडीतून पोचला होता. त्यानं तिच्या हातातला तांब्या घेतला, आत बघितलं आणि बाटली काढून वर धरली. कुणीतरी "चोट्टी" म्हणालं. एकानं तिचा दंड धरला. म्हातारी कानडीत काहीतरी सांगत होती. तोंड हलताना दिसत होतं, पण भोंग्यापुढं शब्द ऐकू येत नव्हता. मला चोरबटण माहीत होतं, पण मडगार्डपाशी माणसांची भिंत झाली होती. मी दोघातिघांना ढकललं, शिव्याही दिल्या.

तेवढ्यात मामू आले. हातपाय अजून ओले होते, नमाज तसाच टाकून आले असावेत. त्यांनी बाटली बघितली, तांब्या बघितला, म्हातारीकडं बघितलं. काय झालं असेल ते त्यांना एका नजरेत समजलं. त्या तांब्यात इतकी वर्षं फुटाणे टाकणारे तेच होते. ते नसले की म्हातारी आपल्या हातानं रिवाज पुरा करायची.

त्यांनी तिचा दंड धरणाऱ्याचा हात काढला आणि भोंग्याच्या वर आवाज चढवून ओरडले, "मैंने बोला था! म्याच सांगितलं होतं तिला, एक बाटली घेऊन जा म्हणून!"

कंपाउंडर म्हणाला, "आणि आधीच्या?"

"त्या बी म्याच दिल्या. तिचा काय कसूर न्हाई."

आवाज चढवल्याशिवाय ऐकू जाणार नव्हतं, त्यामुळं बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला शेळ्या घेऊन बसलेल्यांनाही ते ऐकू गेलं. म्हातारी मान हलवत होती, मामूंच्या बाहीला धरून नाही-नाही म्हणत होती. मामूंनी वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं, तांब्या तिच्या हातात दिला आणि तिला गर्दीतून वाट करून दिली. मग डॉक्टर आले, त्यांनी मडगार्डखाली हात घातला आणि भोंगा थांबला. लोक आता मामूंकडं बघत होते. कंपाउंडर म्हणाला, "मी म्हणतच होतो की."

परत येताना मी मागच्या सीटवर बसलो होतो. मला मामूंचा इतका राग आला होता की त्यांच्या मानेकडंही बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर एकटेच दुकानात आले. मी काय बघितलं ते सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. निघायच्या आधी मी तिच्या घरी जाऊन आलो." तिच्या घरात भिंतीतल्या देवळीत लिंगाशेजारी सगळ्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या, बुचं तशीच, वर फुलं वाहिलेली. पांढरी पूड बघून तिला वाटलं होतं, ही डॉक्टरांकडची इबूती. पोरगं वाचलं ते हिच्यामुळं. दह्याच्या तांब्यातून दुसरं काय न्यायचं?

"मग सांगा की लोकांना," मी म्हटलं.

"मी तेच म्हणालो. पुढच्या बाजारी चारचौघांत सांगतो म्हणालो. तर मामू म्हणतात, साहेब, गावाला समजावता येत न्हाई. भोंगा वाजला आणि म्हातारीच्या हातात बाटली होती, एवढंच लोक ध्यानात ठेवतील. तिला त्याच लोकांत ऱ्हाऊन मरायचंय." डॉक्टरांनी फळीवरच्या खडूच्या रेघांकडं बोट केलं. मग म्हणाले, "ते काढून टाक गाडीतलं."

संध्याकाळी मामू गाडी घेऊन आले. मी तारा ओढून काढत होतो आणि बोलत होतो. "तुमचंच नाव साफ व्हावं म्हणून केलं ना हे सगळं? आणि तुम्हीच भर बाजारात जाऊन ते बुडवलंत! अक्कल कुठं गेली होती, मामू?" त्यांच्याशी मी असं कधीच बोललो नव्हतो.

ते पायरीवर बसून माझ्याकडं पकड पुढं करत होते. म्हणाले, "साहेबाच्या घरात साफ झालं ना? बस हुआ."

डॉक्टरांनी त्यांना कामावरून काढलं नाही, उलट खोक्याला कुलूप घालून किल्ली त्यांच्याकडंच दिली. कंपाउंडरलाही एकदा खोलीत बोलावून चांगलंच झापलं, त्यानंतर तो हुमनाबादेत गप्प झाला. पण राजेश्वरच्या बाजाराला खोलीत बोलावून झापता येत नाही.

काही महिन्यांनी एका लॉरीची बॅटरी बघायला मी राजेश्वरला गेलो. बाजारचाच दिवस होता. डॉक्टरांची गाडी नेहमीच्या जागी झाडाखाली उभी होती आणि तिच्याजवळ चिटपाखरू नव्हतं. बॉनेटवर काही नव्हतं, आतही काही नव्हतं. शेंगा आणि भाज्या लोक चावडीत नेऊन थेट डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवत होते. मामू रस्त्याच्या पलीकडं, गाडीपासून चांगले लांब, भर उन्हात एका दगडावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेले.

मी हॉटेलातून हाक मारली, "मामू, या की सावलीत. चहा घेऊ."

"नक्को बेटा, इथंच बरंय," ते म्हणाले. "इथं बसलो की सगळ्यास्नी दिसतो मी."

मी चहा तिथंच नेऊन दिला.